निळ्या सुतळीची गोणी

३ फेब्रुवारी, सोमवार

माझ्या धाकट्या भावंडांनो, ज्यांच्या थोरल्या भावाच्या किंवा बहिणीच्या घरात पाय ठेवायला जागा उरलेली नाही, अशा तुम्हा सगळ्यांसाठी ही वही लिहायला घेतो आहे. आपलं गाऱ्हाणं एकच. जग आपल्याला विचारतं की तुम्ही असताना घराची ही दशा कशी. आणि गोणी उचलायची वेळ आली की एक माईचा लाल फिरकत नाही. चाळीस वर्षं मी कामगारांच्या सभा गाजवल्या. आता तीन खोल्यांची ही सभा जिंकायची आहे. जिंकलो की हीच वही तुमच्यापुढे वाचून दाखवीन.

सकाळी पोचलो. छान ऊन पडलं होतं. ताईने दारातच, आला आमचा भोंगा, म्हणून स्वागत केलं. बसायला एकच खुर्ची मोकळी होती. ती मला दिली आणि स्वतः शिलाई मशीनच्या स्टुलावर टेकली. अडतीस वर्षं तिने गल्लीचे कपडे शिवले. तिची शिवण उसवलेली कोणी पाहिली नाही. मधली खोली अर्धी भरलेली, मागची छतापर्यंत. पालिकेची नोटीस मशीनच्या सुईखाली दाबून ठेवली आहे: आगीचा धोका, सतरा तारखेपर्यंत मागची खोली रिकामी करा, नाहीतर घराला कुलूप आणि ताईची रवानगी निवारागृहात. चौदा दिवस पुष्कळ झाले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पालिकेने पाठवलेल्या समुपदेशक बाई येऊन गेल्या. शांत बाई. एक कागद दिला: बारा प्रश्न, प्रत्येकापुढे शून्य ते चार. वस्तू टाकताना जीव कासावीस होतो का? तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजता, तपासता का? केलं नाही तर काही वाईट होईल असं वाटतं का? बाई दोनदा म्हणाल्या की हा निकाल नव्हे, पुढे भेटायची गरज आहे की नाही एवढंच यातून कळतं. आणि हा ज्याचा त्यानेच भरायचा.

ताईचा चष्मा सापडेना. मग मीच भरला. बारा प्रश्नांत एक्केचाळीस. ताई म्हणाली, नाव माझं घातलंस, उत्तरं मात्र तुझी आहेत. तिला उदाहरण म्हणून माझाही कागद भरला. तीन. तेही चहाच्या पेल्यावर झाकण ठेवायच्या सवयीमुळे.

५ फेब्रुवारी, बुधवार

गोण्या उघडून पाहिल्या. ताईने शिवलेल्या प्रत्येक कपड्याचं कातरण जपलेलं आहे. चार चिंध्यांची गुंडाळी आणि आत मापाची चिठ्ठी: छाती, कंबर, बाही, उंची. अशा त्रेसष्ट गोण्या. संध्याकाळी पाच वाजता ती मागे जाते, प्रत्येक गोणीला हात लावून मोजते. मध्ये कोणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. आज मी मुद्दाम तीनदा खोकलो. ती तीनदा मागे गेली.

मोजलं नाहीस तर काय होईल, असं विचारलं. म्हणाली, काही नाही रे, मापं सुटतील. मी पोट धरून हसलो. तीही थोडी हसली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईला चष्म्याच्या डॉक्टरकडे धाडलं आणि भंगारवाल्याला बोलावलं. त्याच्या हातगाडीच्या तीन खेपांत एकवीस गोण्या गेल्या. सगळ्या पांढऱ्या सुतळीच्या, एक तेवढी निळ्या सुतळीची. ती उचलताना तो म्हणाला की काका, ही जड आहे, चिंध्या अशा जड नसतात. बाजूला ठेवू का? मी म्हटलं, झाडून सगळं ने.

ताई परतली. रडली नाही, ओरडली नाही. फक्त विचारलं, निळी गेली का? संध्याकाळी पाच वाजले. ती उठलीच नाही. ताईच्या कागदावर तपासण्याच्या प्रश्नापुढे मी मोठ्या अक्षरात शून्य लिहिलं. आजवरच्या माझ्या सगळ्या सभांत इतकं स्वच्छ यश मिळालं नव्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार

ताईचा गाऊन कोपरापर्यंत बाह्यांचा आहे. तिनेच शिवलेला. आज बाह्या मनगटावर आल्या होत्या. कापड सैल पडलं असेल, म्हटलं. ती म्हणाली, कापड आहे तेवढंच आहे.

मागच्या खोलीत आता माणूस उभा राहील एवढी जागा झाली आहे. ती जागा मोकळी वाटत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

बाह्या बोटांपर्यंत.

डॉक्टरला घरी बोलावलं. नाडी ठीक, काट्यावर वजन तेवढंच. तो गेल्यावर मी टेप घेतली. सकाळी छाती चौतीस. दुपारी एकतीस. टेप खोटी असेल म्हणून दुसरी आणली. अठ्ठावीस. बाईंना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, कागद ताईंनी स्वतः भरला होता ना? भर सभेत मी माइक कधी खाली ठेवला नव्हता. आज फोन खाली ठेवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

भंगारवाल्याकडे गेलो. चिंध्या यंत्रात गेल्या, त्यांचा कापूस झाला. त्याने मूठभर दाखवला. करडा. सगळ्यांचा मिळून एकच.

परत येऊन आज पहिल्यांदा ताईला विचारलं की निळ्या गोणीत काय होतं. म्हणाली, घरचे होते. आईचं माप तिच्या लग्नाआधीचं. बाबांचं. माझं. तू आठ वर्षांचा असताना तुला शिवलेला पहिला शर्ट, त्याचं कातरण. लहानपणी घर बदलताना आपल्या धाकट्या बहिणीच्या मापाची पुरचुंडी हरवली, आणि महिन्याभरात धाकटी गेली, तेव्हापासून सांभाळते. मी चिडलो. हे इतकी वर्षं का नाही सांगितलंस?

तू बोलत होतास ना, म्हणाली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज गोण्या मीच मोजल्या, एकोणीस वेळा. मध्ये कोणी खोकलं — पुन्हा पहिल्यापासून. घरात आम्ही दोघेच. मी खोकलो नव्हतो. ताईही नाही.

माझा कागद पुन्हा भरला. तपासण्यापुढे चार. वाईट होईल असं वाटतं का — चार.

पाच वाजता मागे गेलो. बेचाळीस गोण्यांना हात लावला. त्रेचाळिसावीलाही लागला. ती उबदार होती.

१३ फेब्रुवारी

ताई खुर्चीत आहे. म्हणजे गाऊन आहे, घडी घालून ठेवल्यासारखा. आवाज येतो. मोज, म्हणते. मोजतो. टेप कमरेभोवती जाते, दोन्ही टोकं एकमेकांना लागतात, आकडा —

माझा शर्ट सकाळी नीट होता.

बाही पेनावर येते. दुमडली. परत आली.

१४

बाईंना फोन लावायला हवा. नंबर कागदाच्या तळाशी आहे. फोन टेबलावर. टेबल उंच झालं —

खोलीतला तो पुन्हा खोकला. पहिल्यापासून. एक. दोन.

भावंडांनो, कागदावर बारा प्रश्न आहेत आणि मी बाराही दुसऱ्याच्या नावावर सोडवले. जो विचारायचा तो त्यात नव्हता. तुम्ही भाषण करू नका. गोणीला हात लावू नका. आजच जा, तिच्या शेजारी जमिनीवर बसा, आणि आधी एवढंच विचारा, ताई, यात कोण