शिंगराला औषध पाजू नका

बाबा,

तुम्ही देवरीच्या वरातीवरून घोड्या घेऊन याल तेव्हा मी घरी नसेन. चांदणीच्या शिंगराची लीद घेऊन गोंदियाला जनावरांच्या डॉक्टरांकडे चालले आहे. त्याचं पोट फुगलंय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात आणि लिदीत लांब जंत दिसले.

मी येईपर्यंत त्याला जंताचं औषध पाजू नका. पोटातले सगळे जंत एकदम मेले तर आतडं तुंबेल आणि शिंगरू आपल्या हातून जाईल. कोणतं औषध, किती द्यायचं, ते विचारून येते.

दर अमावस्येला तुम्ही जंताच्या औषधाची एकच बाटली चारही घोड्यांना घोट-घोट वाटता, एकीला दिलं तर दुसरी रुसेल म्हणून. अपुऱ्या औषधाने साधे जंत मरतात, चिवट तेवढे उरतात आणि तबेलाभर त्यांचीच पैदास होते. म्हणून ज्या घोडीला गरज तिलाच, पण पुरतं औषध द्यायचं. बाकीच्यांच्या पोटात थोडे साधे जंत राहू द्यायचे, म्हणजे चिवटांची पैदास त्यांच्यात मिसळून विरळ होते आणि औषध लागू पडत राहतं.

यावर काल तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "बीएस्सी करून जंत पाळाले शिकली काय वो?" सगळे हसले. हसू द्या. मागच्या साली मोतीचं शिंगरू असंच पोट फुगून गेलं तेव्हा आपण नजर लागली म्हणालो होतो.

तबेल्यातली लीद मी उचलली आहे. आई तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते.

बाटली सोबत नेणार होते, पण कोनाड्यातच ठेवली. शिंगरू तुमचा आवाज ऐकून उठायला बघेल. त्याच्याजवळ बसा, फक्त रिकाम्या हातांनी.

रचना