तिसऱ्या ट्रॅकचा मधला भाग

१२ मार्च, मंगळवार

चि. जावईबापू,

अनेक आशीर्वाद, आणि आधी एक विनंती: हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्या ट्रॅकला हात लावू नकोस.

आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कुरकुरतो, पण त्यांच्या तोंडापुढे गुडघ्याची काय बिशाद! परवा त्या शेजारी गेल्या होत्या, तेवढ्यात कुकर करपला. मी स्वयंपाकघराच्या दाराशीच पेपर वाचत बसलो होतो. मुकाट्यानं बोलणी खाल्ली आणि कुकर घासून ठेवला.

तुझे फोन आलेले दिसले. उचलले नाहीत म्हणून रागावू नकोस. फोनवर बोलणं हल्ली मला जमत नाही. म्हणून लिहून मेलवर टाकतोय.

तुझे नवे ट्रॅक मी माझ्या संगीत-परीक्षणाच्या सदरात घेतले ते जावई म्हणून नव्हे. पहिल्याची सुरुवात फार लांबते, हे मत अजून कायम आहे. पाहुणा दारात उभा आणि यजमान चपला शोधतोय, असं होतं. दुसऱ्याचा बेस मात्र असा, की टेबलावरचा चहा थरथरला. कुठल्या कंपनीचा आधार नाही, भाड्याच्या खोलीत भिंतीला गाद्या लावून केलेलं हे काम, सांगून कुणाला खरं वाटणार नाही.

तिसऱ्याबद्दल मी काय छापलं ते तुला पाठ झालं असेल. 'मध्यावर ठोका थांबतो, बेस थांबतो आणि तो ऐकणाऱ्याला कोऱ्या शांततेत उभं करतो. एखाद्या कच्च्या माणसानं ही जागा भरायला काहीतरी चिकटवलं असतं.' हे वाक्य लिहून मी स्वतःवर भलताच खूश होतो.

मग काल तुझी मेल आली. 'बाबा, टोमणा समजला. तुम्हाला न विचारता ठमीची जुनी रेकॉर्ड केलेली शिट्टी घातली, चुकलंच माझं. शुक्रवारी ट्रॅक बाहेर पडायच्या आत काढून टाकतो.'

कुठली शिट्टी? मी हेडफोन घातले आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. काहीही नाही. पण पडद्यावरची आवाज दाखवणारी हिरवी पट्टी वरखाली होत होती.

सासूबाईंना हाक मारून स्पीकरवर लावलं. हात पुसत आल्या त्या दारातच थबकल्या. "अहो, ही आपली ठमी!" एवढं म्हणाल्या आणि खालीच बसल्या. मुलीच्या जातीनं शिट्टी वाजवू नये म्हणून पोरीला जन्मभर धपाटे घालणारी ही बाई. पोर देवाघरी गेली तेव्हा सगळ्यांसमोर रडली नाही, ती काल हमसून हमसून रडली. "पुन्हा लावा," म्हणाली. मी लावत राहिलो आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. मधेच तिनं विचारलं, "ही चाल तुम्हीच शिकवलेली ना हो?" मी म्हटलं, "हो, तीच."

कुठली, ते मला ठाऊक नव्हतं.

तेव्हा ऐक. माझे कान गेले आहेत. उंच स्वर आधी गेले: दाराची बेल, कुकर, पाखरं. डॉक्टर म्हणतात, आयुष्यभर स्पीकरला खेटून बसलात, गेलेलं परत येणार नाही. खालचे स्वर अजून आहेत, म्हणून तुमच्या त्या ठोक्याच्या ट्रान्स संगीतावर लिहून माझं पोट चालू राहिलं. धडधड छातीला लागते, बाकीचं अनुभवावर निभावून नेतो. घरी कुणाला सांगितलेलं नाही. तुलाही सांगणार नव्हतो.

तो टोमणा नव्हता रे. मी बहिरा आहे, एवढंच.

शिट्टी काढू नकोस. तुझ्या हाताखाली ती एका बटणात पुसली जाईल आणि पुसायला लावणारा मी असेन, हे मला सोसणार नाही. संपादकबाईंना कळवलंय: पुढच्या अंकात दुरुस्ती छापा, परीक्षकाला ऐकू आलं नव्हतं. त्यानंतर सदर राहणार नाही, हे उघड आहे. जाऊ दे. सासूबाईंना आज जेवताना सांगेन. कुकरचा उलगडा तरी होईल त्यांना.

शिट्टीचा स्वर खाली उतरवून मला वेगळी प्रत करशील, असं तुझ्या मनात येईल. नको. तो कुणा दुसऱ्याचाच आवाज होईल.

तू फक्त एक कर. ठमी त्यात कुठली चाल वाजवते, तेवढं लिहून कळव. मी तिला शिकवलेल्या सगळ्या चाली मला अजून येतात. शुक्रवारी तुझ्या सासूबाई ऐकायला बसतील, तेव्हा मी शेजारी बसेन आणि हिरवी पट्टी हलायला लागली की मनातल्या मनात सुरू करीन.

वाट पाहतो.

तिचा, आणि म्हणून तुझाही,
बाबा