मंजूच्या हातची गोळी

१२ जानेवारी

नाव मिळालं एकदाचं! फायब्रोमायल्जिया. किती वर्षं अंग ठणकतंय, परकराची नाडीसुद्धा सहन होत नाही, आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल. सासूबाईंच्या मते सोंग. "सुम्ने बसून राहिलं की दुखतंच." सुम्ने म्हणजे त्यांच्या कन्नडमध्ये उगाच. उगाच! मग दुकानातले निम्मे ब्लाउज कोण शिवतं?

नव्या डॉक्टर, चैत्रा मॅडम म्हणाल्या, तुमचं दुखणं खरं आहे. मी तिथेच रडले. आधीच्या डॉक्टरांच्या अमिट्रिप्टिलिनने दिवसभर गुंगी, तोंडाला कोरड, बाही उलटी जोडायची मी. मग प्रीगाबालिन — पाय सुजले. आता ड्युलॉक्सेटिन. "कॅप्सूल डिप्रेशनवरची आहे, पण मी ती दुखण्यासाठी देतेय. आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही हं."

१३ जानेवारी

मंजूने, माझ्या नवऱ्याने, खोक्यातला कागद अथपासून इतिपर्यंत वाचला आणि त्याचा चेहराच उतरला. त्याची अक्का असल्याच गोळ्या घ्यायची. तिने जीव दिला, आमच्या लग्नाआधी. "गोळ्यांनीच गेली ती," म्हणतो.

मी म्हटलं, दुखण्याने गेली असेल रे. तो उठूनच गेला.

२ फेब्रुवारी

आधी नुसती मळमळ. भाताचा वाससुद्धा नको. पण आज — एका बैठकीत ब्लाउजला सगळी हुकं लावली! दुखतंय, पण शेजारच्या घरात कुणी भांडत असावं तसं. सासूबाई येऊन बघून गेल्या. सोंग म्हणाल्या नाहीत. तेवढंही पुष्कळ.

पट्टीतून कॅप्सूल काढताना बोटं कळवळतात, म्हणून मंजूच काढून डबीत भरून ठेवतो. नाश्ता झाला की एक माझ्या तळहातावर ठेवतो आणि पाणी घेऊन उभा राहतो. "अय्यो, स्वल्प खा की अजून," म्हणून पोटात उपीट ढकलतो. असा नवरा मिळायला पुण्य लागतं, असं शेजारची स्पंदना म्हणते. लागतंच!

१६ फेब्रुवारी

मंजूने मार्केटातून गसगसे आणलेत. म्हणजे आपली खसखस, खिरीसाठी. "पायसा करू गं. मस्त झोप लागते."

२१ फेब्रुवारी

काय होतंय हे? मान वळवली की डोक्यात विजेचा झटका. घाम. चक्कर. कात्री हातातून पडली, पायावर पडता पडता वाचली.

२५ फेब्रुवारी

ठणका परत आला. आधी होता त्याहून वाईट. स्पंदनाच्या पोरीने प्रेमाने मिठी मारली आणि मी तिच्यावर ओरडले. घाबरून पळाली ती.

मंजू म्हणतो, "मी म्हणत नव्हतो? ही गोळी तुला सोसत नाही. सोड." मुळीच सोडणार नाही! तिच्यामुळेच तर हुकं लावली मी.

३ मार्च

मॅडमकडे गेलो. झटके, घाम, रडू, सगळं सांगितलं.

"गोळी एकदम बंद केली की असं होतं. घेताय ना रोज?"

"घेते! एकही चुकवली नाही."

मंजू म्हणाला, "मी स्वतः देतो, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाई पाहतात तसं. नियमित घ्या, दोन आठवड्यांनी या, एवढंच म्हणाल्या. रिक्षात मंजूने माझा हात धरून ठेवला. तोही दुखत होता.

७ मार्च

मीच खोटी असेन.

९ मार्च

मंजू सकाळीच कडकोळला गेला, कारखान्याच्या युनिफॉर्मची मापं घ्यायला. माझ्याने उठवत नव्हतं. सासूबाईच डबी घेऊन आल्या. गोळी बोटांत धरली तर तिची दोन टोपणं सुटी झाली आणि बारीक पांढरे दाणे चादरीवर सांडले. मी म्हटलं, आत तसलंच औषध असतं. त्यांनी बोटाने एक टिपला. दाताखाली धरला.

"गसगसे गं हे."

मग दुसरी उघडली. तिसरी. सगळ्या.

"पायसा कुठं केला त्यानं?" म्हणाल्या. केलाच नव्हता.

सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या. माझ्या अंगाला हात लावायचा नाही, हे आज त्यांच्या लक्षात होतं. "डोक्यात वीज मारते म्हणत होतीस. खरं होतं गं तुझं."

मी मॅडमना फोन लावत होते. सासूबाई चादरीवरचा एकेक दाणा वेचत होत्या. मध्येच थांबल्या.

"अक्काच्या गोळ्या पण मंजूच काढून द्यायचा."