मोहरीचा लेप

डक क्रीक, डेलावेअर
२१ फेब्रुवारी १८०३

प्रिय जोसाया,

अनेक आशीर्वाद. विलमिंग्टनला तुम्ही सगळे खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं. इथे खाडी अजून गोठलेलीच आहे. डुकराचं मांस खारवून झालं. यंदा मीठ चांगलं मिळालं. यांचा खोकला गेला.

त्या खोकल्याबद्दलच तू विचारलं आहेस. गुलामगिरी हळूहळू बंद करण्याच्या कायद्याला डोव्हरच्या सभागृहात समसमान मतं पडली, अध्यक्षांनी आपलं मत विरोधात टाकलं आणि सगळं संपलं. गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या तुम्हा क्वेकर मंडळींना यांनी बाजूने मत देण्याचा शब्द दिला होता. सभागृहातल्या आपल्या जागेवर हे असते तर कायदा झाला असता. तू लिहितोस, ‘दाजी आजारी पडले, की गुलाम बाळगणाऱ्या जमीनदारांनी त्यांना आजारी पाडलं?’

इथे कोणी जमीनदार आला नव्हता.

त्या सकाळी डोव्हरला जायला घोड्यावर खोगीर चढलं होतं. हे दारातच खोकले. मी म्हटलं, “या थंडीत छाती भरेल. आज जायचं नाही.”

“अगं, साधा खोकला आहे.”

मी फिबीला लेपासाठी मोहरी वाटायला सांगितली. ती म्हणाली, “बाईसाहेब, तो घोडा मालकांपेक्षा जास्त खोकतोय. त्यालाही लावायचा का?” हे हसले, मीही हसले. मग हे मुकाट्याने अंथरुणात शिरले. ‘जाऊ नका’ असं कोणीतरी म्हणावं, हे त्यांनाही हवंच असेल. पण म्हणाले मी.

फिबीला दिवस गेलेत. तुला कळवायचं राहून गेलं. नाही, मी मुद्दाम लिहिलं नाही. मे महिन्यात बाळंत होईल. बाबांनी लग्नात माझ्याच नावावर करून दिलेली ती. तिचं मूलही माझंच, असं मी धरून चालले होते. मुलगी झाली तर शिवणाला बसवायची, इथवर मनात ठरवून ठेवलं होतं. कायदा झाला असता, तर त्यानंतर जन्मलेलं म्हणून ते मूल पंचविसाव्या वर्षी मोकळं झालं असतं. ते मला नको होतं. म्हणून तिच्याच हातांनी मोहरी वाटून घेतली.

डोव्हरची बातमी आली तेव्हा ती पीठ मळत होती. मी आपणहून म्हटलं, “कायदा झाला असता तरी पंचवीस वर्षं ते इथेच राहिलं असतं.”

“हो बाईसाहेब,” ती म्हणाली. “पण मला मोजायला काहीतरी मिळालं असतं.”

आणि पुन्हा पीठ मळू लागली.

जोसाया, तिला सोडायला मला कोणाच्या मताची गरज नाही, हे मला ठाऊक आहे. मूल जन्मण्याआधी ती मोकळी झाली, तर मूल मोकळंच जन्मेल. आणि मोकळी झाली की ती जाईल. तिच्या जागी मी असते तर मीही गेले असते. या घरात तिच्याशिवाय माझ्याशी बोलणारं कोणी नाही. इतकी साधी गोष्ट आहे, आणि ती मला जमत नाही.

तू मे उजाडण्याआधी ये. तिच्या सुटकेचा कागद करायला एखाद्या न्यायाधीशाला सोबत आण. मी तुम्हाला जेवू घालीन, खाडीच्या, पेरणीच्या गोष्टी काढीन, ‘बाळंतपण होऊ दे, मग बघू’ असंही म्हणेन. माझं ऐकू नकोस.

तू अजून जिला ताई म्हणतोस, ती
मर्सी