वाळूवरचा माग

३ डिसेंबर १९३४
सकाळी बापूसाहेब वकिलांबरोबर गोल्फ. आमच्या माळावर हिरवळ कुठली! भोकाभोवती तेल शिंपडलेली वाळू. ती फळीने सारखी करायची, मग चेंडू ढकलायचा. अंतर हातभर. ऐन वेळी उजव्या हाताला हिसका बसला.
बा. सा. : "डॉक्टर, एवढ्यावरून आमची ही लाटण्यानं घालील!"
हसलो. पण वाळूवर चेंडूचा माग राहतो. तो सुरुवातीलाच वाकडा होता.

४ डिसेंबर
मोतीबिंदूची एक शस्त्रक्रिया. नीट झाली. म्हणजे हिसका फक्त खेळात? की अजून इथवर आला नाही, एवढंच?

७ डिसेंबर
बा. सा. नी पकड बदलायला लावली. डावा हात खाली, उजवा वर, नुसता टेकलेला. मनगटं हलवायची नाहीत. "उजव्याला काम सांगूच नका. जावयासारखा बसवून ठेवा."

९ डिसेंबर
घरी जाजमावर सराव.
ही : "काय चाललंय?"
"पकड सुधारतोय."
"खेळातली, की कपाची?"
हल्ली चहा डाव्या हाताने घेतो, हे तिने पाहिलंय तर.

११ डिसेंबर
मारुती, सांगोल्याकडचा मेंढपाळ. डावा डोळा लहानपणीच काट्याने गेलेला. उजव्यात पिकलेला मोतीबिंदू. पुण्याच्या स्नेह्यांकडे जा, चिठ्ठी देतो, म्हटलं.
"पुणं कुटं, आमी कुटं! भनीचा डोळा तुमीच केलासा की. तुमीच करा."
खरं कारण सांगायला जीभ रेटली नाही. शुक्रवारी ठरलं.

१२ डिसेंबर
नव्या पकडीने चेंडू पुन्हा पुन्हा भोकात. माग दोरीसारखा सरळ. बा. सा. नी टाळी दिली. मीही खूश. परतताना टांग्यात लक्षात आलं : उजवा हात बरा झालेला नाही, त्याच्याकडून काम तेवढं काढून घेतलंय. सुरी एकाच हातात धरायची असते. डाव्याने मी ती कधी धरलेली नाही. आणि शिकायचं कुणावर? एकच डोळा उरलेल्या माणसावर?

१३ डिसेंबर
सकाळी एकटाच माळावर. मुद्दाम जुनी पकड. माग सरळ. वाळू सारखी केली. पुन्हा सरळ. पुन्हा सारखी केली. वाकडा. तिथेच थांबायला हवं होतं, की आधीच—
दुपारी मारुती दाखल. बहीण सोबत. त्याने चाचपडत माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला.
"लई गार हाय की वो, दागतर."
बहीण : "सोड आता. उद्या लागंल त्यो त्यास्नी."
त्याच्या मुठीत होता तोवर हात जरासुद्धा हलला नाही.

१४ डिसेंबर, सकाळी
चहा उजव्या हाताने घेतला. ही बशीकडे बघत होती.
पुण्याची चिठ्ठी लिहून खिशात ठेवली आहे. हत्यारंही उकळायला सांगितली आहेत. टांगा आला.