कुत्र्याचं घर, कोणाच्या मापाने

सुराबाया, ३ मे १९९४

ती. बापांना लुहचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पिल्लू दारातला नैवेद्याचा भात फुलांसकट खातं, म्हणून त्याला फाटकाबाहेर वेगळं घर हवं, हे पटलं. नकाशा सोबत आहे. जमिनीपासून वीतभर उंच पाया, उताराचं छप्पर, दार वाऱ्याच्या उलट दिशेला. तुमच्याकडच्या धुक्यात ओल फार, म्हणून फळ्यांमध्ये फट ठेवायला सांगा. पूल बांधण्याच्या कामातून उठून हा नकाशा काढला आहे, तेव्हा त्यात बदल करू नये.

काकीचं पत्र आलं होतं. घराला मुलगा नाही, म्हणून काकांच्या मुलाला, कोमांगला, तुम्ही दत्तक घेणार, असं ती लिहिते. तुमच्या पत्रात पिल्लाच्या कानांचं वर्णन होतं, हे नव्हतं. असो. माझं काही म्हणणं नाही. खिळे मात्र गंजणारे वापरू नयेत.

लोभ नेहमीइतका असावा.
आपली,
लुह

---

किंतामणी, २० मे

चि. लुहला बापाचे अनेक आशीर्वाद.

नकाशा सुंदर आहे. पान लासिया सुताराने तो उलटा, सुलटा, उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, हा सेंटिमीटर कोणाच्या अंगाचा? मी म्हटलं, सरकारचा. तर म्हणतो, मग सरकारचं कुत्रं बांधा त्यात. तुला ठाऊकच आहे, राहणाऱ्याच्या अंगाचं माप नसेल तर घर मेलेलं राहतं. म्हणून त्याने पिल्लाचंच माप घेतलं. नाकापासून शेपटीपर्यंत, वर जिवासाठी एक बोट जास्त. बोट त्याचंच, म्हणजे पंजाचं. घर झालं. पिल्लू आत अगदी चपखल बसतं. शेजारी बघून जातात.

कोमांगचं अजून ठरलेलं नाही. तुझा काका रोज येतो, माझी कॉफी पितो आणि म्हणतो, मुली काय, परक्याच्या देवाला हात जोडायला जन्मतात. मी संत्र्यांना पाणी घालायला उठतो. तू काही म्हणशील म्हणून वाट पाहत होतो.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझा बापा

---

सुराबाया, २ जून

ती. बापांना सा. न. वि. वि.

पिल्लू वाढतं. ही बाब दोन अनुभवी माणसांच्या लक्षात कशी आली नाही, याचा मी बराच विचार केला आणि सोडून दिला.

रीत मलाही माहीत आहे. गोठा असो की धान्याचं कोठार, माप घरधन्याचं असतं. गाईचं किंवा भाताचं कोणी घेत नाही. तेव्हा पुढच्या वेळी घरधन्याचं घ्यावं. तो कोण, हे तुम्ही ठरवायचं आहे. मी काही म्हणावं असं आपण लिहिलंत. विचारलं असतंत, तर म्हटलं असतं.

आपली,
लुह

---

किंतामणी, ९ जुलै

चि. लुहला अनेक आशीर्वाद.

पिल्लाचं आता फक्त डोकं आत जातं. पावसात ते तसंच उभं राहतं, डोकं कोरडं आणि बाकीचं ओलं, आणि आपण घरात आहोत अशी त्याची समजूत आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग तुझ्या काकाच्या म्हणण्याप्रमाणे, उद्याचा घरधनी म्हणून कोमांगला मापासाठी बोलावलं. त्याने मोटरसायकल बंदसुद्धा केली नाही. पान लासियाने हात लांब कर म्हटलं, तर म्हणाला, आजोबा, कुत्र्यासाठी एवढं सोंग कशाला, प्लास्टिकचं पिंप आडवं टाका. शिवाय ही संत्र्यांची जमीन एखाद्या हॉटेलवाल्याला दिली तर कुत्रंही नको आणि राखणही नको. पान लासियाने दोरी गुंडाळली. मला म्हणाला, ज्याचा पाय इथे ठरत नाही, त्याच्या मापाने मी खुराडंही बांधत नाही.

परवा घरची बैठक झाली. मी सांगितलं, घर लुहचं. तिला जो पसंत पडेल, त्याने इथे येऊन राहावं, आमच्या देवांना हात जोडावे आणि माझ्या हातचं खावं. तुझा काका कॉफी अर्धी टाकून गेला. आजवर असं झालं नव्हतं.

हे आधी तुला विचारायला हवं होतं. आता विचारतो. राहशील का? हो असेल तर आकडे पाठवू नकोस, पान लासिया ते मानत नाही. तू स्वतः ये.

तुझा बापा

---

सुराबाया, १८ जुलै

ती. बापांना सा. न. वि. वि.

हो.

रजा मंजूर झाली. कारण 'घराचं बांधकाम' असं लिहिलं आहे, कुत्र्याचा उल्लेख टाळला. शनिवारच्या बसने निघते. ऑफिसमधून घराजवळ, देनपसारला बदली मिळावी, असा अर्ज मी मे महिन्यातच केला होता. ते कळवायचं राहून गेलं.

दोन्ही हात पूर्ण फैलावून किती वेळ उभं राहावं लागतं, ते पान लासियांना विचारून ठेवा. मला त्याची सवय नाही. पण राहीन.

आपलीच,
लुह