कुशलने माझी जर्सी धरली तेव्हा

१२ जानेवारी, रविवार
या सीझनला आइस हॉकीत एक तरी गोल. संकल्प पक्का. नवशिक्यांची लीग आहे, मान्य. पण चव्वेचाळिसाव्या वर्षी मिशिगनच्या या नोव्हाय गावातली किती मराठी माणसं बर्फावर उतरतात? दोन. मी आणि कुशल. तो दुसऱ्या टीममध्ये. मैत्री मैत्रीच्या जागी.

१५ जानेवारी, बुधवार
ऑफिसात कुशलला ग्रुप लीड केलं. मला काहीच वाटलं नाही. केकचे दोन तुकडे खाल्ले, आणखी काय पुरावा हवा? आठ वर्षं एकाच गाडीने जातो-येतो. परत येताना त्याने विचारलं, "देवा, तुला ऑकवर्ड नाही ना वाटत?" छे, म्हटलं. मग घर येईपर्यंत रेडिओ ऐकला.
घरी बायको राधिका म्हणते, चेहरा उतरलाय. थंडीमुळे. उणे बारा आहे बाहेर.

१९ जानेवारी, रविवार, दुपारी १
मॅच हरलो. मारामारी जिंकलो.
दुसऱ्या पिरियडला पकची चकती माझ्याकडे, समोर गोल मोकळा. कुशलने मागून येऊन जर्सी धरली. उघड फाउल! मी वळून त्याच्या हेल्मेटच्या जाळीवर ठोसा दिला. दोघं पडलो. तो खाली, मी वर. रेफरीने फक्त मलाच बाहेर काढलं. पक्षपाती माणूस.
कुशल मनगट धरून बसला होता. जरा जास्तच.

२० जानेवारी, सोमवार
फ्रॅक्चर आहे. उजवं मनगट. त्याची बायको सोनल हिने राधिकाला फोन केला. माझ्याबद्दल एक शब्द काढला नाही म्हणे. डावपेच.
पहिला फोन त्याने करायचा. जर्सी त्याने धरली.
ऑफिसला एकटाच ड्राइव्ह केलं. मोकळं वाटलं. हायवेची एक्झिट चुकली.

२२ जानेवारी, बुधवार
लीगचा मेल. तीन मॅच सस्पेंड. अपील लिहायला घेतलंय, चार पानं झाली.
कुशल प्लास्टर घालून ऑफिसात आला. सगळे विचारत होते. मी प्रिंटरपाशी उभा राहून ऐकलं. "घसरलो यार," म्हणाला. म्हणजे चूक त्यालाही कळलीय.
राधिकाला हे सांगितलं. ती कुकर लावायला गेली.

२५ जानेवारी, शनिवार, सकाळी
अपीलला पुरावा हवा. रुहीने स्टँडमधून व्हिडिओ काढलाय. मागितला तर म्हणते, "बाबा, प्लीज डोन्ट." पंधराव्या वर्षी मुलांना न्याय वगैरे कळत नाही. फोन घेतलाच.

दुपारी ४
पाहिला. मग आवाज मोठा करून पुन्हा पाहिला.
कुशल येण्याआधीच माझा पाय सटकलाय. मी मागे जातोय, डोकं सरळ कडेच्या फळीवर आपटणार. कुशल स्टिक टाकून येतो, जर्सी धरून मला सावरतो. "देवा, सांभाळ!" हे स्पष्ट ऐकू येतं. मी उभा राहतो. मग मारतो.
समोरचा गोल आमचाच होता.

२६ जानेवारी, रविवार
माफी मागायची. दहाला निघायचं. अकराला स्नो पडायला लागला. जेवून जाऊ म्हटलं. जेवल्यावर त्याची झोपायची वेळ असेल. चारला गाडी काढली, त्याच्या गल्लीतून वळून दूध घेऊन आलो. घरात दूध होतं.

१ फेब्रुवारी, शनिवार
गेलो. राधिका म्हणाली होती, मी येणार नाही, एकट्याने जा.
कुशलने डाव्या हाताने दार उघडलं. मी पाठ करून गेलो होतो: गेममध्ये होतं असं, दोघांचंही थोडं चुकलं, तू नेमकं काय करतोयस ते मला कळलं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाला, "मनगट बरं होईल रे. पण मी तुला हाक मारली होती. तू वळून बघितलंस. मला ओळखलंस, आणि मग मारलंस."
मी पुढचं वाक्य आठवत होतो. 
"हो," म्हटलं.
"लीड झालो म्हणून?"
"हो."
सोनलने चहा ठेवला आणि आत गेली. माझा गार झाला. कुशलने सांगितलं, सोमवारपासून तो ऑफिसातल्या दिगंबरबरोबर जाणार. दिगंबरला त्याचं घर वाटेवर नाही पडत, तरी. मी म्हटलं, प्लास्टर निघाल्यावर पुन्हा आपण दोघं जाऊ.
"बघू," म्हणाला.